जोव्हलिनच्या हँडलचे अठरा खटके

तानाय, मे महिन्याचा दुसरा बुधवार

प्रिय आते पुरिंग,

तुझ्या धाकट्या भावाचा, सांतिंगचा नमस्कार. थोरल्या बहिणीला आते म्हणायचं आणि तिचा हात कपाळाला लावून मग बोलायचं ही आपल्या घरची रीत, म्हणून इथूनच तुझा हात माझ्या कपाळाला लावतो. (मिलान इतकं लांब आहे की हात पोचेपर्यंत गार झालेला असेल, पण तू समजून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? जिन्याच्या कडेने, कठडा धरून उतरतेस ना? आणि तू जिची सेवा करतेस ती म्हातारी सिन्योरा, जी दर वर्षी "हा माझा शेवटचा नाताळ" म्हणते आणि दुसऱ्या दिवशी उरलेला केक मागते, ती अजून तुझ्या भाताला नावं ठेवते का? ठेवत असेल तर तब्येत उत्तम आहे असं समज.

आम्ही इकडे सगळे ठीक आहोत. हे वाक्य रीतीपुरतं लिहिलं आहे, त्यावर विश्वास ठेवू नकोस.

तू म्हणशील, फोन असताना कागद कशाला? आते, फोनवर आपल्या घराण्याचा जो ग्रुप आहे त्यात त्रेचाळीस माणसं आहेत, त्यातली एक माझी जोव्हलिन आणि एक तिची आई, लुदिंग. तिथे मी शिंकलो तरी तू वाचायच्या आत चर्चच्या पायरीवर औषध सांगायला माणसं उभी असतात. म्हणून हे पत्र. शेजारणीची सून रविवारी मिलानला परत निघाली आहे, तिच्या बॅगेत सुक्या मासळीच्या पुडक्याखाली ते येईल. वास आला तर तो मासळीचा आहे, माझ्या परिस्थितीचा नाही. आणि घाबरू नकोस, मला काही मागायचं नाही. फक्त मन हलकं करायचं आहे.

तर जोव्हलिनच्या गाडीचं तुला माहीतच आहे. तिने फोटो टाकला तेव्हा पहिला लाल बदाम तूच दिलास. (त्या बदामाबद्दल लुदिंग अजून तुझ्यावर रागावलेली आहे. मला म्हणाली, "तुमच्या बहिणीला मुलगी नाही, म्हणून तिला माझी मुलगी रस्त्यावर बघवते." हे मी लिहिलं असं तिला कळवू नकोस.) मारिकिनाच्या एका दाताच्या डॉक्टरने ती विकली, कारण त्याच्या बायकोने गाडी किंवा मी असा प्रश्न टाकला आणि तो पुरते दोन महिने विचार करत होता. हजार सीसीची मोटरसायकल. माझ्या जीपनीचं इंजिन हिच्यापेक्षा मोठं होतं, पण माझी जीपनी वीस माणसं, दोन डुकरं आणि एकदा तर भरलेली शवपेटी घेऊन चढ चढायची, आणि वर पोचेपर्यंत मयतालासुद्धा कंटाळा यायचा. ही एकट्या माझ्या मुलीला घेऊन चढते आणि आपण "सांभाळून जा" म्हणेपर्यंत पलीकडे उतरलेली असते.

मी तिला घेऊ नको म्हणालो नाही. म्हणणार कसं? अँटिपोलोच्या इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीत उभी असते ती. सर्जनने हात पुढे केला की त्याने न मागता नेमकं हत्यार त्या हातात ठेवते, अशी तिची ख्याती आहे. पण जायला दोन जीपनी बदलून दोन तास आणि यायला दोन तास. गाडीवर चाळीस मिनिटं. गाडी आल्यापासून पोरगी रात्रीचं जेवण आमच्याबरोबर जेवायला लागली. हे सगळं मला समजत होतं. पण आपलं घर त्या मारिलाके महामार्गाच्या सरळ पट्ट्यावर, आते. दर रविवारी मनिलाहून गाड्या येतात, वळणावळणावर लोक प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून तमाशा बघायला बसतात, आणि दर रविवारी कोणीतरी एकजण झुडपात जातो. लुदिंग त्याला पाण्याचा तांब्या नेऊन देते. असे आजवर किती तांबे गेले ते मला पाठ आहे, म्हणून मला झोप नाही.

मार्चमधली गोष्ट. आंबट मासळीचं कालवण होतं. जोव्हलिन भात कालवता कालवता म्हणाली, "ताताय, आज गंमत झाली. एकशेतीसला हँडलने मान हलवली. नको नको नको, अशी."

मी म्हणालो, "मग?"

"मग काही नाही. आवळून धरलं नाही, वेग हळूहळू उतरू दिला, थांबलं आपोआप. डोकं कोणी खाणार आहे का माशाचं?"

डोकं तिनेच खाल्लं. माझा घास हातातच राहिला. चाळीस वर्षं मी जीपनी चालवली. तिच्या स्टीअरिंगला एवढा ढिलेपणा होता की डावीकडे वळायचं तर आधीच्या थांब्यापासून सुरुवात करावी लागायची. पण तिने कधी स्वतःहून नको म्हटलं नाही. गाडीने मालकाला नको म्हणणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एस्केलकडे गेलो. पेट्रोलपंपाशेजारचा हा म्हातारा मेकॅनिक तुझ्या वेळी नव्हता. तरुणपणी शर्यतीत धावायचा, इतक्यांदा पडला की आता त्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा चार बोटं खाली आहे आणि तो नेहमी कोपऱ्याकडे वळत असल्यासारखा दिसतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बँकेचं दार बघितलंय ना? कितीही जोरात ढकला, आपटत नाही. वर एक दांडा असतो तेलाचा, तो म्हणतो सावकाश. तसाच दांडा हँडलला लावतात. हळू वळवलंत तर तो कळतही नाही, झटका आला की घट्ट होतो आणि झटका गिळतो. त्याला म्हणतात स्टीअरिंग डॅम्पर."

मी म्हणालो, "दे बसवून."

"आधी आजार तर शोधू. टायर बघू, हवा बघू, हँडलच्या मानेतलं कोनसेट सैल आहे का बघू. आणि सांतिंगभाऊ, ती मागची पेटी कोणी लावली?"

पेटी मी लावली होती. (एवढी मोठी पेटी मागे असली की पोरगी वेगाने जाणार नाही, असं मला वाटलं होतं.) त्यात लुदिंग रोज सहा माणसांचा भात, दोन लिटर पाणी, छत्री, रेनकोट आणि फडक्यात गुंडाळलेला प्लास्टरचा बाळयेशू भरून द्यायची.

"मागे अख्खं स्वयंपाकघर बांधलंय तुम्ही," एस्केल म्हणाला. "शेपूट जड झालं की पुढचं चाक हलकं होतं. हलकं झालं की ते नाचणारच. आधी पेटी काढा."

पण आते, माणसाला एकदा औषधाचं नाव कळलं की त्याला पथ्य ऐकू येत नाही. बाळयेशूला खाली उतरवायचं कसं, हे लुदिंगला कोण सांगणार? मी घरी आलो ते डॅम्परचा ध्यास घेऊनच.

आता डॅम्पर निवडणं म्हणजे जावई निवडण्यासारखं आहे. दोन जाती. एक लांब दांड्याचा, गाडीच्या अंगाला आडवा बसतो. दुसरा गोल डबीसारखा, हँडलच्या मधोमध बसतो. मी तीन आठवडे फक्त बघत होतो. ट्रायसिकल रिक्षावाल्यांच्या थांब्यावर विषय काढला, ही माझी चूक. तिथल्या अकरा जणांपैकी एकानेही डॅम्पर डोळ्याने पाहिलेला नव्हता, म्हणून प्रत्येकाचं मत पक्कं होतं. एक म्हणाला गोलच घ्या, चोरांना दिसत नाही. दुसरा म्हणाला लांबच घ्या, पैसे दिल्यासारखे दिसतात. तिसरा म्हणाला दोन्ही बाजूंना एकेक लावा, बैलाला दोन शिंगं असतात तसे. शेवटी मी फोनवरूनच लांब दांड्याचा मागवला, कारण विकणाऱ्याला लोकांनी पाच चांदण्या दिल्या होत्या. (नंतर बघितलं तर त्या चांदण्या त्याच्या मोबाईलच्या कव्हरांना होत्या.)

डॅम्पर आला. सोनेरी रंग, टोकाला काळी गोल चकती. खरंच काम करतो का हे बघायला म्हणून मी तो आधी कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला बसवला. दार इतकं सावकाश उघडायला लागलं की कोंबड्या नऊ वाजता बाहेर पडल्या आणि कोंबडा चिडून दिवसभर आरवला नाही. मी खूश झालो. माल अस्सल होता.

मग जोव्हलिनच्या सुट्टीच्या दिवशी, ती दमून झोपलेली असताना, मी तो गाडीला बसवला. पट्टी जुळेना, म्हणून मी तिला नवं भोक पाडलं. क्लॅम्प सरकेना, म्हणून हातोडीने समजूत घातली. दुपारी उठून तिने बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. "ताताय! तुम्ही बसवला? स्वतः?" असं म्हणून तिने माझ्या टकलाचा मुका घेतला. आते, तो मुका मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण त्यानंतर मला मिळालेला नाही.

झालं काय, की मी क्लॅम्प जिथे बसवला तिथे दांडा डावीकडे अर्ध्यातच संपत होता. हँडल उजवीकडे पूर्ण वळायचं, डावीकडे चार बोटं वळून खटकन अडायचं. आपल्या घरातून बाहेर पडायचं तर उजवीकडे. ती ऐटीत बाहेर पडली. परत यायचं तर डावीकडे. संध्याकाळी मी दारात उभा होतो. ती आली, वळायला गेली, आणि माझ्याकडे बघत बघत सरळ निघून गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिला. पोरीने अख्ख्या वस्तीला उजवीकडून उजवीकडून वेढा घातला, शाळेमागून, दफनभूमीच्या फाटकातून आत आणि दुसऱ्या फाटकातून बाहेर, आणि पंधरा मिनिटांनी विरुद्ध बाजूने घरी पोचली. तरी हसत होती. म्हणाली, "ताताय, आजीच्या कबरीला पण भेटून आले."

एस्केल हसला नाही. क्लॅम्प तीन बोटं सरकवून नीट बसवताना तो एक अक्षर बोलला नाही, आणि मेकॅनिक गप्प असला की समजावं आपण माणूस मारता मारता राहिलो. शेवटी त्याने दोन्हीकडे हँडल पूर्ण वळवून दाखवलं आणि म्हणाला, "हा झटका खायला असतो, हँडल अडवायला नाही. आणि ही चकती बघा. अठरा खटके आहेत. फिरवली की घट्ट होत जातो. सहावर ठेवतोय, हात लावू नका. हे औषध आहे, भात नाही. जास्त घेतलं म्हणजे जास्त गुण, असं नसतं."

आते, तू मला लहानपणापासून ओळखतेस. खोकल्याचं औषध एक चमचा सांगितलं की मी बाटली संपवायचो.

मी विचार केला, सहावर जर हँडल थोडं शहाणं होतं, तर अठरावर किती शहाणं होईल! पण एकदम फिरवलं तर तिला कळेल. म्हणून रोज एक. सकाळी ती आंघोळीला गेली की गात असते (गळा तुझ्यावर गेला आहे, देव तिला क्षमा करो), त्या आवाजात चकतीचा एक खटका कोणालाही ऐकू येत नाही. सात. आठ. नऊ. रोज एक खटका फिरवायचा, छातीवर क्रूस करायचा आणि कॉफी प्यायला बसायचं. जेवढी शांती मला चर्चच्या चाळीस वर्षांच्या मिस्सेत मिळाली नाही तेवढी त्या बारा दिवसांत मिळाली.

अकरावर ती म्हणाली, "गाडी जड वाटते का हो?" मी म्हणालो, "उन्हाळा आहे." चौदावर ती बाजारातून येताना एवढ्या वेड्यावाकड्या रेषा काढत आली की वाहतूकवाल्याने शिट्टी मारून थांबवली, नर्सच्या गणवेशात तिला पांढऱ्या पट्ट्यावरून सरळ चालायला लावलं आणि तोंडाचा वास घेतला. डॅम्पर फार घट्ट झाला की गाडी हळू असताना तोल सावरता येत नाही, हँडल म्हशीसारखं उशिरा वळतं आणि मग जास्तच वळतं. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी तिला म्हणालो, "बघ, गाडीच तुला सांगतेय." ती स्वतःच्या हातांकडे बघत बसली.

सतरावर तिने आंघोळ करताना गाणं बंद केलं. मी नळाच्या आवाजावर भागवलं.

अठरा झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी लुदिंग तिचा गणवेश धुवायला घेऊन मागच्या दारी गेली आणि तिथूनच मला हाक मारली. तिच्या हातात खिशातून निघालेला कागद होता. इस्पितळाचाच. जोव्हलिनच्या दोन्ही हातांच्या नसांची तपासणी केलेली. कोपरापासून बोटांपर्यंत सुया टोचून. तिने स्वतः जाऊन सांगितलं होतं की माझे हात माझं ऐकत नाहीत, मी वळवते तसं वळत नाही, उशिरा वळतं. आणि स्वतःहून ऑपरेशनच्या खोलीतून नाव काढून घेऊन वॉर्डात बदली मागितली होती. न जाणो, हातातून काही निसटलं तर टेबलावरचा माणूस जाईल, म्हणून. लुदिंगने तो कागद बाळयेशूच्या रिकाम्या जागेसमोर ठेवला (तो पेटीत होता, इस्पितळात गेलेला) आणि नोव्हेना सुरू केली. नऊ दिवस प्रार्थना. मी तिच्या शेजारी गुडघे टेकले. आते, त्या घरात एकट्या मलाच त्या रोगाचं नाव माहीत होतं, आणि ते नाव माझंच होतं, क्रिसांतो.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी म्हटलं, गुपचूप निस्तरतो. दुसऱ्या सकाळी नळाच्या आवाजात मी चकती उलटी फिरवली. सहावर थांबायचं होतं. पण घाईत मोजणी चुकली, आणि परत पुढे फिरवायला जावं तर नळ बंद झाला. होती तिथे सोडली. होती ती शून्यावर. आणि मागे पेटी, पेटीत सहा माणसांचा भात.

मी फाटकात उभा होतो. घरापासून तो पट्टा सरळ दिसतो. ती बारा दिवसांच्या सवयीने हँडलला जोर लावून निघाली, गाडी एकदम हलकी लागली असणार, वेग चढला आणि पुढचं चाक नाचायला लागलं. या वेळी ते नको नको नव्हतं, आते. कुत्र्याने तोंडात उंदीर धरून झटकावा तसं. पेटीचं झाकण उघडलं, भाताचे डबे रस्त्यावर उडाले. मी डोळे मिटले नाहीत. मला मिटता आले नाहीत. तिने पकड सैल सोडली, अंग टाकीवर झुकवलं, आणि गाडी वाकडीतिकडी होत होत पेट्रोलपंपाच्या मातीत जाऊन उभी राहिली. उभीच. ती पडली नाही.

मी एका पायात चप्पल घालून धावलो. पोचलो तेव्हा एस्केल गाडीपाशी वाकलेला होता, चकती फिरवून बघत. जोव्हलिन टायरच्या ढिगावर बसली होती आणि हात पुढे धरून त्यांच्याकडे बघत होती.

"शून्य," एस्केल म्हणाला. "परवा हवा भरायला आलीस तेव्हा अठरावर होता. मला वाटलं, हल्लीच्या पोरांना तसंच आवडत असेल."

"कसले अठरा?" ती म्हणाली.

एस्केलने माझ्याकडे बघितलं. तो माणूस चहाडी करणारा नाही. 

"मी," मी म्हणालो. "रोज एक. तू आंघोळीला गेलीस की."

तिने मनातल्या मनात हिशोब लावला. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताताय, माझ्या हातात सुया घातल्या त्यांनी. वीस सुया. मी तीन दिवस समजत होते की चाळिशीच्या आत मला चमचा धरता येणार नाही. तुम्हाला भरवायला लागेल, असंसुद्धा मनात येऊन गेलं."

"तुझ्या काळजीनेच गं..."

"मला विचारायचं होतंत. नको चालवू म्हणायचं होतंत. मी भांडले असते. भांडण झालं असतं नुसतं!"

तिचं खरं होतं. खटके उडायचे ते माणसामाणसांत उडू द्यावेत. मी ते चकतीत घातले.

त्याला आज अकरा दिवस झाले. त्यातला एकही दिवस ती माझ्याशी बोललेली नाही. गाडी ताडपत्रीखाली उभी आहे. ती साडेतीनला उठून जीपनीने जाते, दोन तास, आणि येते तेव्हा चेहरा राखेसारखा असतो आणि जेवण झाकलेलं राहतं. म्हणजे बघ, मला जे हवं होतं ते सगळं झालं. मुलगी गाडीवर नाही. मुलगी वेगात नाही. मुलगी सुखरूप आहे. आणि मी फाटकात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज ऐकतो, त्यात तिची नाही म्हणून मला रडू येतं. लुदिंग माझ्याशी कुत्र्यामार्फत बोलते. "ज्याला जेवायचं असेल त्याने यावं," असं ती कुत्र्याला सांगते. कुत्रा येतो, माझ्या आधी. ट्रायसिकलच्या थांब्यावर मला 'अठरा' म्हणून हाक मारायला लागले आहेत. एस्केलने तेवढं मला नवा टायर आणि घट्ट केलेलं कोनसेट दाखवलं, पण पाना माझ्या हातात दिला नाही.

असो. गुडघ्यांना तेल लाव. सिन्योराला नमस्कार सांग.

तुझा, कोणाच्याही उपयोगाचा नसलेला भाऊ,
सांतिंग

ता. क. पत्र बंद करणार इतक्यात, आज गुरुवारी सकाळी, जोव्हलिन ताडपत्री काढून गाडीपाशी बसली. मी खांबामागे होतो. (खांब बारीक आहे, मी नाही.) ती मान न वळवता म्हणाली, "या इकडे." मी गेलो. तिने चकती शून्यापर्यंत उलटी घेतली आणि मग मोठ्याने मोजत फिरवली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. "सहा," ती म्हणाली. "म्हणा." मी म्हणालो, सहा. "नानाय साक्षीला आहे," ती म्हणाली. लुदिंग कुत्र्याला म्हणाली, "आहे म्हणावं." मग ती गेली. गाडीवर. सोमवारपासून ऑपरेशनच्या खोलीत परत आहे, एवढं जाता जाता आईला सांगितलं. पट्ट्यावर हँडल जराही हललं नाही. मी शेवटपर्यंत बघत होतो. मला अजून मुका मिळालेला नाही, पण क्रियापद मिळालं.

ता. क. २. काही मागायचं नाही असं वर लिहिलं ते खोटं आहे. मागची पेटी मी गेल्या शुक्रवारीच उतरवली, एस्केलने सांगितलं होतं म्हणून. बाळयेशूला बाहेर काढलं तर त्याच्या खाली एक पाकीट होतं, मिलानचा शिक्का आणि पत्त्यावर तुझं अक्षर. मी उघडलं नाही. (उघडलं.) तिथल्या इस्पितळातल्या नोकरीचा तिचा अर्ज, त्यावर जामीन म्हणून तुझी सही, आणि तारीख फेब्रुवारीची. म्हणजे तुला तीन महिने माहीत आहे आणि तिलाही. पाकीट होतं तसं परत तिच्या कपाटात ठेवलं आहे. लुदिंगला सांगितलेलं नाही. तू स्वतः दोन वर्षांसाठी म्हणून गेलीस त्याला एकोणतीस वर्षं झाली, त्याबद्दल मी कधी विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. ज्या माणसाने बारा दिवस चोरून चकती फिरवली त्याला, माझ्यापासून का लपवलंत, असं विचारायचं तोंड नाही. तिला अडव असंही म्हणत नाही. तिने सांगितलं की मी आत्ताच ऐकतोय असा चेहरा करीन, आरशासमोर सराव चालू आहे.

पण ती तिथे गाडी घेणार, आते. पहिल्याच पगारात घेईल, मी तिला ओळखतो. तेव्हा माझं एक काम कर. तुझ्या घराजवळ एखादा चांगला मेकॅनिक आत्तापासून बघून ठेव. म्हातारा असला तर बरा. स्वतः पडून उठलेला असला तर फारच बरा. त्याच्या कामात तू अजिबात बोलू नकोस. फक्त त्याचं नाव मला कळव, म्हणजे प्रार्थना कोणासाठी करायची ते मला ठाऊक राहील.